शहराचाही आवाज असतो



खेड्याला आवाज असतो तसा शहरालाही असतो. परळीत वैजनाथाची घंटा, टेशनातली रेल्वेची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी ऐकली की डोळे झाकूनही गाव कळतं. आषाढीआधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते, तवा त्यात टाळ-मृदंगाची भर पडते. हा ठेवा देवळाच्या दगडाइतकाच मोलाचा हाय.

डीजे लागला की सारी गावं सारखीच; छाती हादरते, गाव कळत नाही. २००० सालच्या सरकारी नियमानं रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला बंदी केली. पण आपली शिस्त त्याहून जुनी. ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदारानं दंड वर केला की सगळ्या दिंड्यांचे टाळ गप्प होतात. जिची तक्रार असेल त्या दिंडीचाच टाळ वाजत राहतो, मग तिचं ऐकून घेतात. एकाचं गाऱ्हाणं कानी पडावं म्हणून बाकीच्यांनी थांबायचं.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आम्ही हात जोडून सांगतो, शहरात शिरताना कर्णा बंद ठेवा, दवाखान्यापुढं टाळ हळू करा. मागच्या ओळीतल्या म्हातारीला वीणा ऐकू आली पाहिजे.

रामकृष्ण हरी!