पहिल्या वर्षाचा वर्ग



निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत जी तरुण मुलंमुली पहिल्यांदा शिक्षक म्हणून वर्गावर उभी राहतात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. डी.एड.ला त्यांनी पाठटाचणं काढलेली असतात, सराव पाठ दिलेले असतात. पण सराव पाठाला मुलं गप्प बसतात, कारण त्यांचे नेहमीचे गुरुजी मागे बसलेले असतात. स्वतःचा वर्ग हाती आला की मागे कोणी नसतं.

आणि आपल्याकडचा वर्ग एका इयत्तेचाही नसतो. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली नली-कली पद्धत सुरू झाली आणि २००९-१० पासून ती कर्नाटकभर आली. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र, जमिनीवर गोल करून बसतात. भिंतीवर शिडीचा तक्ता, हातात कार्डं. गट पाच: एकाला पूर्ण शिक्षकांची मदत, दुसऱ्याला थोडी, पुढच्या दोघांना सोबत्यांची कमीअधिक, आणि पाचवा आपलं आपण शिकणारा. बाई पहिल्या गटात मांडी घालून बसल्या की उरलेले चार गट त्यांच्या पाठीमागे किंवा बाजूला. "बाई, ह्यो मला ढकलालाय!" अशी हाक तिकडून येते, बाई उठतात आणि इकडचं अक्षर अर्धं राहतं. दिवसातून कितीदा उठावं लागतं, यावर तो वर्ग बसला की नाही हे ठरतं. आवाज चढवून हे उठणं कमी होत नाही. कार्ड कुठून घ्यायचं, संपल्यावर कुठे ठेवायचं, अडलं तर आधी कोणाला विचारायचं, हे मुलांना अंगवळणी पडलं की कमी होतं. म्हणून नव्या शिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं असतं: जूनचे पहिले दोन आठवडे अभ्यासक्रमाची घाई करू नका. एवढंच शिकवा, करून घ्या, पुन्हा करून घ्या.

दुधाचंच बघा. १ ऑगस्ट २०१३ पासून सरकारी शाळांत क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, मुलामागे १५० मिलिलिटर. चांगलीच योजना. पण पेले कोणी काढायचे, रांग कुठून सुरू करायची, पिऊन झाल्यावर पेला विसळून कुठे पालथा घालायचा हे ठरलेलं नसेल, तर दुधामागे पुढचा तासही जातो. जिथे ठरलेलं असतं तिथे तिसरीची पोरं पहिलीच्यांना हाताला धरून नेतात आणि बाई तोवर फळा लिहून मोकळ्या होतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. बंदी योग्यच आहे, तिला माझा संपूर्ण पाठिंबा. पण छडीच्या जागी काय करायचं, हे नव्या शिक्षकाला कोणी नीट दाखवलं नाही. दाखवणारी माणसं दूरची नव्हती. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि भीतीवाचून मुलं शिकतात हे तिथे रोज दिसत होतं. निपाणीहून कोल्हापूर असं कितीसं लांब?

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या सीमाभागाची. घरी कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, मराठी घरातलं पोर गल्लीत कन्नड बोलतं. "रांगेत उभे राहा" म्हटल्यावर एखादं मूल ढिम्म हलत नाही, ते हट्टी असतं असं नाही. कित्येकदा त्याला सूचनाच कळलेली नसते. अशा पोराला रागावलं की ते महिनाभर तोंड उघडत नाही. हाताने दाखवा, शेजारच्याला त्याच्या बोलीत सांगायला लावा.

आता सभागृहातल्या माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना विनंती. तुम्ही तीस-तीस वर्षं वर्ग सांभाळलेत. गावातल्या शाळेत नवी बाई, नवे सर रुजू झाले असतील, तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि आठवड्यातून एक दुपार त्यांच्या वर्गात जाऊन बसा. चुका काढायला जाऊ नका. एका गटाशेजारी बसा, तो गट सांभाळा, आणि शाळा सुटल्यावर त्यांनी विचारलं तरच बोला. या जूनपासूनच सुरुवात करा.