हजेरीपटातून संगणकाकडे : ॲरे व मेथड यांचे पहिले पाठ

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना आज्ञावली-लेखनाचा परिचय करून द्यावा, असे म्हटले आहे. हा विषय आज ना उद्या आपल्या वर्गात येणार, हे उघड आहे. पुष्कळांना त्याची धास्ती वाटते. तथापि माझे सांगणे असे की, यातील दोन आरंभीच्या कल्पना, ॲरे आणि मेथड, आपण रोज सकाळी वापरीत असतो. फक्त त्यांना ही नावे देत नाही.

आपला हजेरीपट पाहा. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीस अनुक्रमांक, आणि प्रत्येक रकान्यात एकाच प्रकारची नोंद. ॲरे म्हणजे हेच : एकाच जातीच्या माहितीसाठी रांगेने मांडलेले, क्रमांक दिलेले कप्पे. चाळीस मुलांसाठी चाळीस निरनिराळी नावे योजावी लागत नाहीत. रांगेचे नाव एक आणि कप्प्याचा क्रमांक, एवढ्यावर काम भागते.

मेथड म्हणजे नाव दिलेली कृती. ‘आजची पटावरची उपस्थिती मोज’ असे आपण वर्गनायकास सांगतो, तेव्हा मोजण्याची रीत पुन्हा समजावीत नाही. रीत एकदा शिकविली. पुढे नुसते नाव घेतले की पुरे. चांगली मेथड उत्तर आपल्या हाती आणून देते. वर्गनायकाने आकडा नुसता ओरडून सांगितला, तर तो हवेत विरतो. चिठ्ठीवर लिहून दिला, तर पुढच्या हिशेबास उपयोगी पडतो. पडद्यावर छापणे आणि उत्तर परत देणे यांतील भेद एवढाच, पण नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो.

माहिती आणि तिच्यावरील कृती एकत्र बांधल्या म्हणजे ऑब्जेक्ट होतो. तिसरीचा वर्ग हा एक ऑब्जेक्ट, चौथीचा दुसरा. आराखडा एक, हजेरी ज्याची त्याची. या विचाराचा पाया नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड यांनी 1967 च्या सिम्युला भाषेत घातला. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेली जावा ही भाषा त्याच वाटेने जाते. पुढील उदाहरणे तिचे नियम धरून आहेत.

आता एक हिशेब घेऊ. शालेय पोषण आहाराच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज 100 ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास 150 ग्रॅम धान्य धरले जाते. सातवीपर्यंतच्या एका शाळेत आजची उपस्थिती इयत्तावार 18, 21, 16, 23, 17, 20 आणि 14 आहे, असे समजा. हे सात आकडे एका ॲरेत ठेवू. ‘धान्य काढ’ ही मेथड पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने जाईल. पहिल्या पाच कप्प्यांची बेरीज 95. तिचे 9,500 ग्रॅम. उरलेल्या दोहोंची बेरीज 34. तिचे 5,100 ग्रॅम. एकूण 14,600 ग्रॅम. उद्या आकडे बदलतील, पण मेथड बदलावी लागणार नाही.

येथे चार ठिकाणी सावध राहावे.

पहिले, कप्प्यांची मोजणी शून्यापासून होते. पहिलीचा कप्पा 0, सातवीचा 6. जो सातवा क्रमांक मागेल त्याचे काम तेथेच अडेल, कारण तो कप्पा अस्तित्वातच नाही.

दुसरे, पूर्णांकास पूर्णांकाने भागले की जावा अपूर्णांक टाकून देते. 14,600 ला 1,000 ने भागले तर उत्तर 14 किलो येते. गळालेले 600 ग्रॅम म्हणजे लहान वर्गांतील सहा मुलांचा वाटा होय. संगणकाने तक्रार केली नाही म्हणून हिशेब बरोबर, असे मुलांनी कधीही मानू नये.

तिसरे, मेथडला एखादी संख्या दिली तर तिची नक्कल जाते. ॲरे दिला तर मूळ ॲरेचाच ठावठिकाणा जातो. मेथडने त्यात खाडाखोड केली, तर ती मूळ हजेरीपटातच होते.

चौथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संख्यांचा नवा ॲरे तयार केला की त्याचे सर्व कप्पे आपोआप 0 ने भरलेले असतात. एका मुलाच्या रोजच्या हजेरीसाठी 1 म्हणजे हजर व 0 म्हणजे गैरहजर असा संकेत ठेवला, तर ज्या दिवसाची नोंदच झाली नाही तो दिवसही गैरहजेरीचा दिसेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील शिक्षकांस याचा अर्थ सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस आईबापांबरोबर गेलेले मूल आणि गावातच राहून शाळा चुकविणारे मूल, दोघांच्या कप्प्यांत तेच शून्य! पहिल्यास शिक्षण हमी पत्रक हवे, कोठे हंगामी वसतिगृह हवे. दुसऱ्याच्या घरी शिक्षकाचे पाऊल पडावयास हवे. म्हणून तिसरी खूण योजावी, जसे उणे 1; आणि बेरीज करणाऱ्या मेथडला ती खूण वगळावयास शिकवावे, नाही तर बेरीजच कमी भरेल. कप्पा मात्र काढून टाकू नये. मूल परत येणार आहे, त्याची जागा राहिली पाहिजे.

शाळेत संगणक एकच असेल किंवा तोही बंद असेल, तरी अडत नाही. सात मुले पाट्या घेऊन रांगेत बसवा. 0 ते 6 क्रमांक द्या. आठव्या मुलास मेथड करा. त्याने रांगेतून चालत जाऊन बेरीज करावी व उत्तर चिठ्ठीवर आणून द्यावे. मग पाट्यांवरील आकडे बदला आणि तीच रीत पुन्हा चालवा. त्यानंतर एका पाटीवर उणे 1 लिहा आणि त्याचे काय करावयाचे, हे मुलांनाच ठरवू द्या. त्या चर्चेत जे शिक्षण होईल ते पाठांतराने होणार नाही.

यंत्र आपण सांगू तेवढेच मोजते. काय मोजावे आणि कोणत्या शून्यामागे कोणते मूल आहे, हे पाहणे शिक्षकाचेच काम आहे. ते आपण करीत आला आहात. नव्या साधनानेही कराल, असा मला भरवसा आहे.