एक सही, एक बाक



गोष्ट १९८२ सालची. मी सातवीत होतो. घरी उर्दू, शाळा मराठी. अब्बा शिवणकाम करायचे. मराठी छापील कागद घरात यायचा तो किराण्याच्या पुडीला गुंडाळून. एक दिवस धीर करून जवळच्या वाचनालयात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "अनामत आणलीस? जामीन कोण?" माझ्याजवळ दोन्ही नव्हतं. मी मागे फिरलो. तेवढ्यात ग्रंथपालांनी हाक मारली, "बाळ, पुस्तक घरी नेता येणार नाही, पण इथं बसून वाचायला कोण नाही म्हणतं?"

त्या बाकावर मी दोन उन्हाळे काढले. पुढे मराठीत कविता लिहू लागलो, त्याची सुरुवात त्या बाकावर झाली.

आपल्या नागपुरात ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयानं शंभरी केव्हाच ओलांडली. विदर्भ साहित्य संघालाही २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला तो १९६७ साली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डेन नावाचे तज्ज्ञ बोलावले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पाठवली. वाचक येत नसेल तर पुस्तकानं त्याच्याकडे जावं, हा त्यामागचा साधा विचार. डॉ. रंगनाथन यांनीही १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, तेव्हा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, असं बजावलं.

आज अनेक वाचनालयांत काय दिसतं? सकाळी पेपर वाचणारे ज्येष्ठ, दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. दोघंही हवीतच. पण लहान मुलं कुठे आहेत? आणि अभ्यासिकेतला मुलगा दहा-दहा तास बसतो, तरी शेजारच्या कपाटाला हात लावत नाही. त्याला आठवड्यातून एक तास कुणी म्हणावं, "चल, आज या छोट्यांना गणित समजावून सांग, मग आपण मिळून एक कथा वाचू."

आम्ही काही मित्र आमच्या वस्तीत दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. खर्च काय, तर एक सतरंजी. एक बाई मुलीला सोडायच्या आणि दाराबाहेर उभ्या राहायच्या. मी म्हटलं, "आपा, आत या ना." म्हणाल्या, मला मराठी वाचता येत नाही. पण त्या आत आल्या, ऐकत बसल्या. वर्षभरानं मुलीच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं लावू लागल्या. परवा त्यांनी एक अख्खं पान मोठ्यानं वाचलं. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

मोठ्यांना वाचायचं नसतं, असं म्हणणाऱ्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जावं. दूरच्या खेड्यातून आलेला माणूस खिशातले मोजके पैसे काढून पुस्तक घेतो, पिशवीत जपून ठेवतो. भूक आहे, श्रोतेहो. दार उघडं हवं.

२०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. चांगलंच आहे. पण मुलाला पुस्तक लागतं ते उरलेल्या दिवसांतही.

म्हणून एकच विनंती. या आठवड्यात जवळच्या वाचनालयात जा. जाताना शेजारच्या एखाद्या मुलाला, मोलकरणीच्या मुलीला सोबत न्या. अनामत भरा आणि जामीन म्हणून तुमची सही करा. माझ्यासाठी त्या दिवशी कुणी सही केली नव्हती. एका भल्या माणसानं बाक दिला, म्हणून निभावलं. प्रत्येकाला असा माणूस भेटेलच असं नाही.