खरारा आधी, लगाम नंतर

आज बोलायचंय घोड्याबद्दल. तुम्ही म्हणाल, शेळी, म्हैस, कोंबडी ठीक आहे, घोडा कुठून आला आपल्या गटात? पण आपल्यातल्या काही जणींच्या दारात घोडं आहे. कुणाचं वरातीचं, कुणाचं टांग्याचं, कुणाचं शर्यतीचं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार तर प्रसिद्धच आहे.

ज्या घरी घोडं आहे त्या घरी बघा. लीद कोण काढतं? वैरण कोण टाकतं? पाणी कोण ओढतं? आई आणि लेक. आणि लगाम कुणाच्या हातात? लेकाच्या. झाशीच्या राणीचं चित्र भिंतीवर आपण हौसेनं लावतो, पण पोरीनं रिकिबीत पाय ठेवला की म्हणतो, उतर, पडशील.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये 1929 साली मुलांसाठी एक मंडळ निघालं. त्याचं नाव पोनी क्लब. पोनी म्हणजे लहान चणीचं घोडं, तट्टू म्हणा. पुढे 1954 मध्ये अमेरिकेतही असंच मंडळ सुरू झालं. तिथं मुलं घोड्यावर बसायला शिकतात, पण नुसतं बसायला नाही. खरारा करणं, खूर साफ करणं, तबेला झाडणं, खोगीर पुसून ठेवणं, चंदी किती द्यायची ते ठरवणं, हे सगळं शिकावं लागतं. त्यांच्या परीक्षा असतात, एकेक पायरी वर जायची. त्या परीक्षेत घोड्यावरची बैठक बघतात, तशी घोड्याची निगाही बघतात. घरी घोडा नसला तरी चालतं. रायडिंग स्कूलमधल्या घोड्यावर शिकता येतं.

मला यातलं काय आवडलं सांगू? आपण ज्याला घरकाम म्हणून सोडून देतो, त्याला तिथं विद्या म्हणतात. लीद काढणाऱ्या हाताला तिथं लगाम मिळतो.

आपल्याकडे मात्र वरातीमागून घोडं. आधी स्वार व्हायचं, आणि जनावर आजारी पडलं की मग धावाधाव. म्हणून चार गोष्टी आज लक्षात ठेवा.

पहिली, पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही. पोटात बिघडलं की ते तिथंच अडकतं. घोडं पुढच्या पायानं जमीन उकरतं, वळून वळून कुशीकडे बघतं, लोळतं, घाम येतो, लीद बंद होते. अशा वेळी नाकातोंडातून तेल किंवा काढा ओतू नका, तो फुफ्फुसात जाऊ शकतो. समोरची चंदी काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे 1962.

दुसरी, खाणं-पाणी. घोड्याचं पोट लहान, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं. वैरण मुख्य, चंदी वरची. चारा एकदम बदलायचा नाही. मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात जास्तच.

तिसरी, खूर. रोज चारही खूर उचलून माती-खडे काढा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवा. धनुर्वाताची लस घोड्याला द्या, आणि घोड्याजवळ वावरणाऱ्या पोरांनाही.

चौथी, मुलांची काळजी. घोड्याच्या मागून जायचं नाही. आवाज देत, खांद्याच्या बाजूनं जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घोडं उधळलं तर फरफटत नेईल. बसताना डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट आणि पायात बंद, थोड्या टाचेचे बूट. सोबत जाणतं माणूस हवंच.

आणि पडण्याची भीती म्हणाल, तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचं ऐका. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचं. त्यांनी 1952 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं स्पर्धेत उतरून रौप्यपदक घेतलं. आपल्या देशाच्या संघानं 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. चौघांच्या त्या संघात दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह.

आपल्याला पदकाचं आत्ताच काही नको. पुढच्या बैठकीत एवढंच करा. गावात कुणाकडे घोडं आहे ते विचारा. महिन्यातून एक दुपार ठरवा. पशुवैद्यक, नालबंद आणि गावातला जुना जाणता मोतद्दार यांना बोलवा. पोरं-पोरी दोघांनाही बसवा. आधी खरारा, खूर, वैरण, पाणी. ज्याला हे नीट येईल त्याला लगाम. मुलग्यानं लीद काढल्याशिवाय खोगीर नाही, आणि मुलीनं लीद काढली असेल तर तिला खोगीर नाकारायचं नाही. घरी घोडं नसेल तर हाच नियम बैलाला, म्हशीला लावा. जी निगा राखते, तिला त्या जनावराच्या खरेदी-विक्रीतही विचारा.

बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. येते मी. नमस्कार.