हातोडा पडण्यापूर्वी



लिलाव हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. पण आता तो इतका घरचा झाला आहे की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही येत नाही. कोकणात ग्रामदेवतेच्या उत्सवात देवापुढच्या नारळाचा लिलाव पुकारला जातो, लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा. दोन्ही ठिकाणी माल डोळ्यांपुढे असतो, बोली बोलणारे एकमेकांना दिसत असतात आणि ‘एकवार, दोनवार, तीनवार’ म्हणणारा माणसांच्या परिचयाचा असतो. नारळाची बोली हजारांत गेली तरी तो घेणारा फसला असे गाव म्हणत नाही, कारण पैसा देवाच्या कामी लागणार हे सर्वांना ठाऊक असते. महाजालावरील लिलावात यांपैकी काहीच उरत नाही. माल छायाचित्रात असतो, इतर बोलीदार टोपणनावांच्या आड असतात आणि विकणारा कोठे बसला आहे हे कळत नाही. अशा लिलावात ग्राहकाला स्वतःचे रक्षण करायचे असेल, तर ते बोली सुरू होण्यापूर्वीच करावे लागते. एकदा चुरस सुरू झाली की शहाण्यासुरत्या माणसाचेही भान सुटते, आणि ठकाचा सारा व्यवहार त्या सुटलेल्या भानावरच चालतो.

या व्यापाराचा इतिहास फार जुना नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पियरे ओमिडयार या तरुण संगणक अभियंत्याने ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर पसरले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेसर पॉइंटर, आणि त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. वस्तू मोडकी आहे हे कळले ना, असे ओमिडयार यांनी घेणाऱ्याला विचारले, तेव्हा आपण मोडके पॉइंटरच जमवतो, असे त्याने कळवल्याची कथा सांगितली जाते. मोडक्याला मोडके म्हणून विकणारा तो व्यवहार पुढच्या अनेक व्यवहारांपेक्षा सरळ होता!

आपल्याकडे मुंबईत २००० साली सुरू झालेले ‘बाझी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. त्यावरील ‘पैसापे’ या व्यवस्थेत ग्राहकाचे पैसे आधी मध्यस्थाकडे थांबत आणि माल पोचल्यानंतर विक्रेत्याला मिळत. ऑगस्ट २०१८ मध्ये ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. आता भारतीय ग्राहक परदेशी संकेतस्थळांवर बोली बोलतो, नाणी-चित्रे-तिकिटे विकणाऱ्या देशी लिलावसंस्थांकडे जातो किंवा बँकांनी जप्त केलेल्या घरांच्या ई-लिलावात उतरतो. त्याखेरीज समाजमाध्यमांवरील समूहांत रोज रात्री छोटे-मोठे लिलाव चालतात. तेथे ना नियम असतात, ना पैसे थोपवून धरणारा कुणी मध्यस्थ, आणि सर्वाधिक सावधगिरीची गरज तेथेच आहे.

फसवणूक कशी रचली जाते हे एका गाजलेल्या प्रकरणावरून पाहता येईल. मे २००० मध्ये ईबेवर एक अमूर्त शैलीतील चित्र २५ सेंटच्या प्रारंभिक किमतीला मांडले गेले. चित्र कुणाचे, हे विक्रेत्याने सांगितले नाही. घरातल्या मुलाच्या खेळण्याने त्याला भोक पडले आहे, एवढे मात्र त्याने भोळेपणाने लिहिले. छायाचित्रात कोपऱ्यात ‘आरडी ५२’ ही अक्षरे दिसत होती. रिचर्ड डिबेनकॉर्न या ख्यातनाम अमेरिकी चित्रकाराची ती खूण, असा तर्क जाणकारांनी आपणहून केला आणि बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. प्रत्यक्षात विक्रेता केनेथ वॉल्टन हा सॅक्रामेंटोचा वकील होता, त्याला मूल नव्हते, आणि ती अक्षरे त्यानेच रंगवली होती. त्याने स्वतःच्याच चित्रावर दुसऱ्या नावाने बोली लावल्याचे उघड होताच विक्री रद्द झाली. तो आणि त्याचे साथीदार अनेक नावांनी एकमेकांच्या मालावर बोली चढवत असल्याचे तपासात दिसले. २००१ मध्ये खटला भरला गेला आणि वॉल्टनने गुन्हा कबूल केला.

या प्रकरणात विक्रेता उघड खोटे फारसे बोललाच नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ‘या अडाण्याला आपल्या घरात काय पडले आहे ते ठाऊक नाही, आपल्याला मात्र ते कळले’ असे ग्राहकाला वाटू देणे, एवढेच त्याने केले. जुन्या वाड्यातील अडगळीत सापडलेली हंडी, आजोबांच्या पेटीतील नाणी, निवृत्त अधिकाऱ्याच्या घरचे चित्र अशा वर्णनांचा हेतू पुष्कळदा हाच असतो. दुसऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेण्याचा मोह झाला की ग्राहकाने तेथेच थांबून विचार करावा.

हाताशी धरलेल्या बोलीदारांकरवी किंमत चढवणे आपल्या कायद्यातही गैर आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे ६४ वे कलम खास लिलावांविषयी आहे. स्वतः बोली बोलण्याचा हक्क विक्रेत्याने आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर तो स्वतः बोली बोलू शकत नाही आणि दुसऱ्याला त्यासाठी नेमूही शकत नाही. किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावली गेल्यास ती विक्री रद्द ठरवण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. अर्थात तशी बोली लागली हे सिद्ध करणे कठीण. म्हणून संशयाची चिन्हे आधीच पाहावीत. एकच बोलीदार त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात दिसतो, सतत किंमत चढवतो आणि कधीच जिंकत नाही, असे आढळले तर तेथे बोली न बोललेली बरी.

विक्रेत्याची पत ग्राहकांच्या शेऱ्यांवरून ठरते, असा समज आहे. ईबेने ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. परंतु ग्राहकाने वाईट शेरा दिला की विक्रेताही सूड म्हणून ग्राहकाला वाईट शेरा देई. त्या भयाने लोक गप्प बसत. अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेण्यात आला. शिवाय ठक मंडळी चिकाटीची असतात. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तू महिनोन्‌महिने प्रामाणिकपणे पाठवून ती पत कमावतात आणि मग एके दिवशी लाखाचा माल मांडून नाहीशी होतात. तेव्हा शेरे किती आहेत हे मोजून भागत नाही. ते कोणत्या किमतीच्या व किती जुन्या व्यवहारांसाठी मिळाले आहेत, हे वाचावे लागते.

आता किमतीविषयी. लिलावातून तेल उत्खननाचे हक्क मिळवणाऱ्या कंपन्या वारंवार तोट्यात का जातात, याचा शोध तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये घेतला. वस्तूचे खरे मोल कुणालाच नेमके ठाऊक नसते तेव्हा ज्याचा अंदाज सर्वांत अधिक चुकतो, तोच सर्वांत मोठी बोली बोलतो आणि ‘जिंकतो’. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. हा तोटा कुणीही फसवणूक न करता होतो, मग फसवणाऱ्याला ती परिस्थिती किती सोयीची असेल! यास्तव तशाच वस्तू पूर्वी कितीला गेल्या हे पाहून, कमिशन, कर व पाठवणीचा खर्च धरून कमाल रक्कम कागदावर लिहावी. शेवटच्या पाच मिनिटांत तो आकडा बदलायचा नाही, एवढा निश्चय मात्र पाळावा.

लिलाव हरलेल्याचे दुःखही ठकाच्या उपयोगी पडते. ‘विजेत्याने माघार घेतली, वस्तू तुमच्या किमतीला देतो, मात्र व्यवहार बाहेर करू’ असा निरोप येतो. काही संकेतस्थळांवर अशी दुसरी संधी देण्याची अधिकृत सोय आहे, म्हणूनच निरोप खरा वाटतो. असा निरोप आल्यास संकेतस्थळावर स्वतः प्रवेश करून तेथील संदेशपेटीत तो आहे का ते पाहावे. निरोपातील दुव्यावर बोट ठेवू नये. संकेतस्थळाबाहेर पैसे गेले की मध्यस्थाचे संरक्षण संपते. ‘कमिशन वाचेल’ या शब्दांनी ग्राहकाला त्या संरक्षणातून बाहेर काढले जाते.

आपल्याकडे याचा एक विशेष चीड आणणारा प्रकार रूढ झाला आहे. विकणारा आपण सैन्यातील जवान असल्याचे सांगतो, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवतो. बदली झाल्यामुळे दुचाकी स्वस्तात द्यायची आहे, लष्करी वाहतुकीने ती घरी पोचेल, तेवढा खर्च आधी पाठवा, असे म्हणतो. मग आणखी एक शुल्क, आणखी एक अनामत. दुचाकी येत नाही. जवानाविषयी समाजात जो आदर आहे त्याचाच हा गैरवापर. ओळखपत्राचे छायाचित्र चोरीचे असू शकते. प्रत्यक्ष वाहन व नोंदणीची कागदपत्रे पाहिल्याविना एक रुपयाही देऊ नये. ‘पैसे परत करतो, संकेतचित्र स्कॅन करून पिन टाका’ हाही त्याच माळेतला मणी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

नाण्यांच्या बाजाराविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण तेथे महाराष्ट्राची भावना गुंतलेली आहे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. शिवराई पुढेही दीर्घकाळ पाडली जात असल्याने ती आज मुबलक मिळते. अस्सल होन मात्र अत्यंत दुर्मीळ. साहजिकच ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले नकली होन पुष्कळ फिरतात. मूळ नाणी ठशांवर घाव घालून पाडलेली आहेत. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे किंवा कडेला सांधा दिसू शकतो. छायाचित्रातून हे कळणे दुरापास्त आहे. म्हणून वजन, व्यास, दोन्ही बाजूंची व कडेची स्पष्ट छायाचित्रे आणि नाणे खोटे निघाल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी यांवाचून अशा नाण्यावर बोली लावू नये. होन दोन-चार हजारांत मिळत असेल, तर तो होन नाही.

याउलट ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखोंना विकली जाईल, असे सांगून ‘नोंदणी शुल्क’ उकळणारेही आहेत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते. आपण अशा व्यवहारांत नाही, कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

जुन्या मूर्तींच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तमिळनाडूतील श्रीपुरंतन येथील मंदिरातून चोरलेली नटराजमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतली होती. मालकीचे कागद बनावट होते. २०१४ मध्ये ती मूर्ती भारतात परत आली. तज्ज्ञांचा ताफा असलेली संस्था कागदांवर फसली, तेव्हा घरबसल्या ‘पुरातन मूर्ती’ घेणाऱ्याने आपण कोणत्या देवळाच्या गाभाऱ्यातला देव विकत घेत आहोत, हे विचारायलाच हवे.

बँकांच्या ई-लिलावात आयुष्याची पुंजी पणाला लागते. घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकले जाते. ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ सांकेतिक, सोसायटीची व पालिकेची थकबाकी किती, आत भाडेकरू आहे काय, हे बोलीपूर्वी स्वतः जाऊन पाहावे. बोली जिंकताच अनामतीसह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी वा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेली सर्वसाधारणपणे १५ दिवसांत भरावी लागते. न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ हे संकेतस्थळ आहे. मधला कुणी दलाल अनामत रक्कम स्वतःच्या खात्यावर मागत असेल, तर संबंधित बँकेच्या शाखेत जाऊन विचारावे.

कायद्याचा आधार आहे, परंतु त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी तक्रार करण्याची सोय दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिले पाहिजे. मात्र घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्या खासगी व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. सार्वजनिक संस्थेने लिलावात जसे आहेत तसे विकलेले भूखंड घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चंडीगढच्या एका प्रकरणात २००९ मध्ये दिला आहे.

फसवणूक झालीच, तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत. ठकाच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवता आले तरच हाती काही लागते. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवावे. लिलावाच्या पानाचे, बोलींच्या नोंदीचे व संभाषणाचे पडदाचित्र, व्यवहार क्रमांक आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील जवळ ठेवावा. पार्सलात भलतेच काही आले असेल, तर ते उघडतानाचे सलग चित्रीकरण, वेष्टन आणि त्यावरील पत्त्याची चिठ्ठीही फेकून देऊ नये. माल व्यापाऱ्याकडून घेतलेला असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावरही तक्रार देता येते.