मुक्या जिवाची शस्त्रक्रिया : विमा आणि उत्तरदायित्व



घरातील कुत्रे, गोठ्यातील गाय किंवा पांजरापोळातील वृद्ध बैल आजारी पडला की त्यास पशुवैद्याकडे नेणे हे कर्तव्य मानले जाते. शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्चाकडेही फारसे पाहिले जात नाही. परंतु ती शस्त्रक्रिया बिघडली तर पुढे काय, हा विचार सहसा कोणी आधी करीत नाही. तो सुचतो तेव्हा प्राणी गेलेला असतो, कागद हरवलेले असतात आणि मनात राग तेवढा उरलेला असतो. माणूस रुग्ण असेल तर शुद्धीवर आल्यावर कोठे दुखते ते स्वतः सांगतो. मुका जीव सांगू शकत नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा माणूसच आणि उत्तर देणाराही माणूसच. म्हणून या विषयात दोन प्रश्न निरनिराळे ठेवणे अगत्याचे आहे. झालेले नुकसान कोण भरून देणार, हा पहिला प्रश्न. चूक झाली का आणि ती कोणाची, हा दुसरा. विमा पहिल्या प्रश्नापुरता आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पॉलिसीत छापलेले नसते.

एक कल्पित उदाहरण घेता येईल. एका कुटुंबातील सहा वर्षांच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला. हा रोग जिवावर बेतणारा असल्याने गर्भाशय काढण्याचे ठरले. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्री दगावली. कुटुंबाच्या दृष्टीने घटना एकच आहे. मात्र तिच्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात.

पहिल्या प्रकारात डॉक्टरांनी वजन केले, रक्त तपासले, धोका समजावून सांगितला, संमती लेखी घेतली. तरीही रोगाचे विष अंगात भिनलेले असल्याने हृदय बंद पडले. दुसऱ्या प्रकारात वजन न करता केवळ अंदाजाने भुलीचे औषध दिले गेले आणि मात्रा अधिक झाली. तिसऱ्या प्रकारात शस्त्रक्रिया यथास्थित झाली, परंतु रक्तवाहिनीला बांधलेली गाठ रात्री सुटली, पोटात रक्तस्राव होत राहिला आणि दवाखान्यात पाहणारे कोणीही नव्हते. पहिला प्रकार दुर्दैवाचा. दुसरा सरळ हयगयीचा. तिसऱ्यात गाठ सुटणे हा कदाचित अपघात असेल, परंतु रात्रभर कोणी फिरकलेच नाही, यास अपघात म्हणता येणार नाही.

कायदाही हाच भेद करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तो निर्णय माणसांच्या डॉक्टरांविषयी होता. तथापि त्याच तत्त्वावर सशुल्क पशुवैद्यकीय सेवेविषयीच्या तक्रारीही ग्राहक आयोगांपुढे चालल्या आहेत. २००५ साली त्याच न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात हेही स्पष्ट केले, की रुग्ण दगावला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली की नाही, एवढेच पाहावयाचे असते. फौजदारी गुन्ह्यासाठी तर हयगय अतिशय गंभीर असावी लागते. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः तक्रारदारावर असते आणि त्यासाठी बहुधा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागते.

काही चुका मात्र स्वतःच बोलतात. महाराष्ट्रातील एक प्रकरण या दृष्टीने स्मरणात ठेवण्याजोगे आहे. औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि रक्त टिपण्याचे कापड पोटातच राहिले. त्या स्त्रीचा मृत्यू झाला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनास भरपाईस जबाबदार धरले. पोटात कापड राहणे हीच हयगयीची साक्ष होय. तेथे वेगळ्या पुराव्याची अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही. प्राण्यांच्या शस्त्रक्रियेसही हेच तर्कशास्त्र लागू पडते. याच निकालातून आणखी एक गोष्ट कळते. सर्वांना विनामूल्य मिळणारी सरकारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. तरीही दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला राहतो. सेवा फुकट दिली म्हणजे हयगयीची मुभा मिळाली, असे होत नाही.

आता विम्याकडे वळावयाचे. प्राण्यांचा विमा ही नवलाई नव्हे. स्वीडनमध्ये १८९० च्या सुमारास घोडे व जनावरांचा विमा सुरू झाला आणि १९२४ साली तेथेच कुत्र्याचा विमा उतरविला गेला. भारतात गाई-म्हशींचा विमा अनेक दशके चालत आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पशुधन विम्याच्या हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कुत्र्यांसाठी शस्त्रक्रिया व रुग्णालयाचा खर्च देणाऱ्या पॉलिसी खासगी कंपन्यांनीही २०२० नंतर बाजारात आणल्या आहेत.

गाई-म्हशींच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघात व रोग यांबरोबर शस्त्रक्रियेमुळे आलेला मृत्यूही सामान्यतः समाविष्ट असतो. हे वाचून पुष्कळांना हायसे वाटते आणि पुढील पान उलटले जात नाही. त्या पानावर भरपाई केव्हा मिळणार नाही, याची यादी असते. बुद्धिपुरस्सर केलेली इजा, दुर्लक्ष, प्रमाणाबाहेर ओझे लादणे आणि अकुशल उपचार ही कारणे त्या यादीत नेहमी आढळतात. गावातील अशिक्षित माणसाकडून गाईचे पोट फाडून घेतले आणि ती दगावली, तर बिल्ला कानात असूनही दावा नाकारला जाऊ शकतो. तसेच पॉलिसी घेतल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस, बहुधा १५, रोगाची भरपाई मिळत नाही. विमा घेण्यापूर्वीचा रोग तर वगळलेलाच असतो.

ही यादी वाचताना जैन श्रावकास काहीतरी ओळखीचे भासल्यावाचून राहत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. विमा कंपनीने हिशेबाच्या दृष्टीने जे वगळले, त्यातील अतिभार आणि इजा व्रताच्या दृष्टीने शास्त्रकारांनी कितीतरी शतके आधीच वर्ज्य ठरविली आहेत. छेद म्हणजे अवयव कापणे. मग शल्यचिकित्सकाची सुरी छेदात मोडते काय? आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत वैद्याचाच दृष्टांत देऊन याचा निर्वाळा दिला आहे. मुनींच्या अंगावरील गळू करुणेने कापणाऱ्या वैद्याच्या हातून वेदना होते. परंतु केवळ तेवढ्याने त्याला पापबंध होत नाही. हिंसेच्या व्याख्येचे मर्म प्रमादात आहे. न्यायालय ज्याला हयगय म्हणते, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द. करुणेने हाती घेतलेली सुरी निर्दोष राहते, ती प्रमाद नसेल तोवरच.

विम्याची दुसरी मर्यादा व्यापाऱ्याला लवकर समजेल. कापडाची गाठ जळाली तर विमा कंपनी बाजारभाव पाहते. जनावराचा विमाही बाजारभावावरच उतरतो. दूध देणाऱ्या म्हशीला भाव आहे. जातिवंत कुत्र्याला भाव आहे. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याला भाव नाही आणि पांजरापोळातील भाकड गाईला तर मुळीच नाही. ज्या गाईच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्या आणि तारा काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, ती बहुधा हीच बेवारस गाय असते. जिचा सांभाळ केवळ दयेपोटी होतो, तिच्या मृत्यूबद्दल कोणी दावा मागणार नाही आणि कोणी जाबही विचारणार नाही. म्हणून जेथे विमा नाही तेथे उत्तरदायित्व कमी होत नाही, उलट वाढते. मालकाने डॉक्टरांना विचारावे, डॉक्टरांनी मालकाला सांगावे, हा व्यवहार पांजरापोळात विश्वस्तांनाच पार पाडावा लागतो.

तिसरी बाजू डॉक्टरांच्या स्वतःच्या विम्याची. अनेक पशुवैद्य व्यावसायिक दायित्वाचा विमा घेतात आणि ते योग्यच आहे. परंतु अशा पॉलिसीत कंपनीच्या संमतीवाचून दायित्व मान्य करू नये, अशी अट असते. या अटीच्या भीतीने कित्येकदा दवाखान्याचे दार बंद होते, दूरध्वनी उचलला जात नाही आणि दुःखी कुटुंबाला खरी हकीकत कळतच नाही. वास्तविक घडलेली हकीकत सांगणे आणि भरपाईचे दायित्व पत्करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती औषध दिले, केव्हा श्वास थांबला, काय प्रयत्न केले, हे सांगण्यास अट आड येत नाही. दुःख व्यक्त करण्यासही ती आड येत नाही. सत्य वेळेवर कळले असते तर पुष्कळ भांडणे न्यायालयापर्यंत गेलीच नसती.

उत्तरदायित्व डॉक्टरांचे जसे, तसे पालकाचेही असते. भूल देण्यापूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवण्यास सांगितलेले असते, आणि घरातील कोणी तरी मायेने बिस्किट भरवितो. भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊन प्राण जाऊ शकतो. रवंथ करणाऱ्या जनावरांत तर हा धोका व पोटफुगीचा धोका अधिक, म्हणून गाईच्या पुष्कळ शस्त्रक्रिया जागा बधिर करून ती उभी असतानाच करतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीत श्वासाचा त्रास लवकर होतो. पूर्वीचा आजार लपविणे, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर दयेपोटी काढणे, औषधांचा क्रम अर्धवट सोडणे, हे सारे पालकाचे दोष होत. आपला दोष झाकून दुसऱ्यावर ठपका ठेवणे हाही एक प्रमादच आहे.

व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात असे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, ते विचारावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ अन्वये नोंदणी आवश्यक आहे आणि तिची विचारणा करण्यात अपमान नाही. पर्याय, धोके, खर्च आणि रात्री देखरेख कोण करणार, हे विचारून संमतिपत्र वाचून मगच सही करावी. वजन, भुलीचे औषध व मात्रा यांची नोंद असलेल्या कागदाची प्रत घ्यावी. विमा असल्यास नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी कंपनीस कळवावे.

दुर्दैवाने प्राणी दगावला तर दफनाची घाई करू नये. ही गोष्ट मनाला जड वाटते, विशेषतः ज्या घरात त्या जिवाला अपत्यासारखे वाढविले तेथे. परंतु शवविच्छेदन झाले नाही तर वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणता घडला, ते कायमचे अज्ञात राहते. निरपराध डॉक्टरावर संशय राहतो किंवा अपराधी मोकळा सुटतो. शवविच्छेदन शक्यतो त्या दवाखान्याबाहेरील तज्ज्ञाकडून व्हावे. परळचे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळचे महाविद्यालय यांसारख्या शासकीय संस्थांकडे त्यासाठी चौकशी करता येते. विमा उतरविलेल्या गाईच्या बाबतीत कंपनीस तत्काळ कळवून कानातील बिल्ला जपून ठेवावा. बिल्ल्यावाचून दावा उभा राहत नाही.

तक्रारीचे मार्ग तीन. व्यावसायिक आचाराबाबत राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जावे. भरपाईसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तेथे मुदत दोन वर्षांची असून वकिलावाचूनही तक्रार मांडता येते. विमा कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून नंतर विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत.

जेथे संस्था प्राणी सांभाळते, तेथे विश्वस्तांनी तीन नियम करून ठेवावेत. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही असावी. प्रत्येक मृत्यूचे कारण लिहिले जावे आणि ते वार्षिक सभेत वाचून दाखवावे. विम्यात न बसणाऱ्या जनावरांच्या उपचारासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा. देणगीदाराला जमाखर्च दाखविण्याची शिस्त संस्थांना आहे. मृत जिवांचा हिशेब दाखविण्याची शिस्तही तितकीच हवी.

विम्याचा धनादेश आला म्हणजे प्रकरण मिटले, असे वहीत लिहिता येते. परंतु वही मिटल्यावर एक प्रश्न उरतो : त्या जिवासाठी जे करावयास हवे होते, ते सगळे केले होते काय? कुत्रीच्या उदाहरणातील पहिल्या प्रकारचा डॉक्टर त्याचे उत्तर मान वर करून देऊ शकतो. भरपाईचा आकडा तिन्ही प्रकारांत कदाचित सारखाच असेल. उत्तर सारखे नसेल. पर्युषणाच्या अखेरीस सर्व जिवांची क्षमा मागितली जाते. त्या सर्व जिवांत भुलीतून पुन्हा न उठलेला जीवही येतो, आणि त्याची क्षमा मागण्यापूर्वी त्याला काय झाले हे ठाऊक असणे, एवढे ऋण तरी माणसावर आहेच.