ठशांची साक्ष

एकाच टांकसाळींत, एकाच सालीं पडलेलीं दोन नाणीं अगदीं एकसारखीं असावयाचीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजच्या यंत्रयुगांत ती बव्हंशीं खरीही आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचीं आरंभींचीं चांदीचीं नाणीं भिंगाखालीं धरलीं म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

फिलाडेल्फिया येथील टांकसाळ १७९२ च्या कायद्यानें स्थापन झाली आणि तेथें पहिले चांदीचे डॉलर १७९४ सालीं पडले. नाणें पाडण्यास दोन पोलादी ठसे लागतात. एक छाप्याचा, दुसरा काट्याचा. स्वातंत्र्यदेवतेचें मस्तक किंवा गरुड ठशावर उमटविण्यास बहुधा तयार मुद्रा असे. अक्षरें, तारे व सालाचे अंक मात्र कारागीर एकेक करून हातोडीनें ठोकी. छापखान्यांतील खिळ्यांसारखे पोलादी खिळे त्यासाठीं असत. माणसाचा हात तो! एखादा तारा कडेकडे सरके, एखादें अक्षर कलतें होई. त्यामुळें दोन ठसे तंतोतंत जुळत नाहींत, आणि ठशांतील प्रत्येक खूण त्याच्या सर्व नाण्यांवर उतरते.

अर्ध्या डॉलरचीं उदाहरणें पाहावीं. १८०७ च्या एका ठशावर पन्नासाच्या जागीं चुकून वीस ठोकले गेले व त्यावरच पन्नास ठोकून दुरुस्ती झाली. १८१३ चा एक ठसा १८१७ सालीं उपयोगांत आणतांना तिनावर सात ठोकला. त्या नाण्यांवर साताच्या आडून तीन डोकावतो.

परीक्षकानें प्रथम साल वाचावें. मग तेरा ताऱ्यांचीं टोंकें कोणीकडे रोखलेलीं आहेत आणि शेवटचा तारा अंकापासून किती दूर आहे तें पाहावें. नंतर नाणें उलटून ब्रीदवाक्याच्या फितीचें टोंक कोणत्या अक्षराखालीं येतें तें ताडावें. शेवटीं तडे शोधावे. ठसा वापरतां वापरतां तडकला कीं नाण्यावर बारीक उंच रेघ उठते. काट्याचा एकच ठसा पुष्कळदां छाप्याच्या दोन ठशांशीं जोडलेला आढळतो. एका जोडीच्या नाण्यांवर तडा नाहीं व दुसरीच्या नाण्यांवर आहे, तर पहिली जोडी आधींची होय. दप्तरांत न मिळणारा हा क्रम नाण्यांवरूनच लावावा लागतो.

जॉन हॅझेल्टाइन यांनीं १८८१ सालीं डॉलर, अर्धा डॉलर व पाव डॉलर यांची ठशांनुसार यादी प्रसिद्ध केली. अर्ध्या डॉलरवरील ओव्हर्टन यांचा ग्रंथ १९६७ सालीं निघाला. त्यांतील क्रमांकांनींच संग्राहक हीं नाणीं ओळखतात.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा आहे काय? १८०४ च्या डॉलरची हकीकत या प्रश्नाचें उत्तर देते. टांकसाळीच्या दप्तरांत त्या सालीं १९,५७० डॉलर पडल्याची नोंद आहे. पण ते मागील सालांच्या ठशांचे होते. १८०४ हें साल असलेले मोजके डॉलर प्रथम १८३४-३५ च्या सुमारास, सयाम व मस्कत येथील राज्यकर्त्यांना द्यावयाच्या भेटींसाठीं तयार झाले. त्यांचें मोल वाढतांच इतर सालांच्या डॉलरांतील शेवटचा अंक कोरून चार करणारे लोक निघाले. परंतु १८०४ च्या सर्व अस्सल डॉलरांचा छापा एकाच ठशाचा आहे. लबाडास एक अंक बदलतां येतो. तेरा तारे जागचे हलवितां येत नाहींत.

१८३६ सालीं तेथें वाफेचें यंत्र आलें. पुढें अक्षरें व तारेही मूळ मुद्रेंतच येऊं लागले आणि ठशांतील भेद ओसरले. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं असें जुनें नाणें असल्यास तें चिंच लावून घांसूं नये. त्या चकाकीपायीं नाजुक रेघा झिजतात आणि नाण्याची साक्ष कायमची पुसली जाते.